रिबेकाबाईंची किळस

रिबेकाबाईंना किळस फार यायची. बसमध्ये बसण्याआधी त्या सीट रुमालानं पुसायच्या, तो रुमाल वेगळ्या पिशवीत टाकायच्या आणि घरी पोचेपर्यंत त्या पिशवीला हात लावायच्या नाहीत. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी त्या प्यायल्याचं मला आठवत नाही. कुणाकडे मलिदा, म्हणजे नवसाचं गोड पोह्यांचं ताट, असला की ताटात चार हात पडायच्या आत आपल्या वाटणीचे पोहे त्या चमच्यानं बाजूला काढून घ्यायच्या. यजमानीण नाक मुरडायची. तिला म्हणायच्या, "देवाला सगळ्यांचे हात चालत असतील. मला नाही चालत." तोंडात कायम लवंग. ती कडकन दाढेखाली फुटली की समजायचं, बाईंना कशाची तरी शिसारी आलीय.

आणि हीच बाई वाळवंटाकाठच्या बेर्शेबा शहरातल्या दवाखान्यात रोज सकाळपासून दुपारपर्यंत चिखलात बसायची.

सत्तर साली मी त्या दवाखान्यात सेक्रेटरी म्हणून लागले. दारातलं टेबल माझं, टेलिफोन माझा, आणि ताटकळलेल्या आयांची बोलणी खाण्याचं कामही माझंच. दवाखाना लहान मुलांच्या मनाचा होता. जी मुलं काही दुखत-खुपत नसताना रडतात, चावतात, अंथरूण ओलं करतात, मुकी होतात, ती तिथं यायची. बॉम्बेकडून इथं आलेली आपली मराठी ज्यू माणसं त्याला सरळ 'वेड्या पोरांचा दवाखाना' म्हणायची आणि कुणी पाहू नये म्हणून मागच्या गल्लीतून आत शिरायची.

रिबेका वाक्रूळकर तिथं मुलांशी खेळायच्या. तेच त्यांचं काम. त्या कुठल्या, किती शिकल्या आणि लग्न का नाही केलं, हे तीन प्रश्न प्रार्थनेला गेलं की मला बायका आळीपाळीनं विचारत. पहिल्या दोनांची उत्तरं मला ठाऊक होती. घराणं कोकणातलं, त्या स्वतः मुंबईत वाढलेल्या. तिथं शाळेत टीचर होत्या, मग मुलांच्या मानसोपचाराचं शिकल्या, आणि इथं आल्यावर तेच सगळं पुन्हा हिब्रूतून शिकल्या. तिसरा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. "खेळायचा पगार घेते," असं लोक त्यांच्या पाठीमागे म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

त्यांची खोली मोठी होती. एका कोपऱ्यात वाळूची लाकडी पेटी, पाण्याचं घमेलं, मातीची बादली, बाहुल्यांचं घर, खोटी भांडीकुंडी, एक रबरी साप आणि कुणीतरी हात उपटलेला सैनिक. फरशीच्या कडेला भिंतीत भोक, कारण इथल्या घरांत फरशी पाणी ओतूनच धुतात आणि रबरी पट्टीच्या दांड्यानं ते पाणी भोकातून बाहेर ढकलतात. एका भिंतीवर भलामोठा आरसा. आतून तो आरसा, पण पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून बघणाऱ्याला ती काच होती. हा आरसा म्हणजे आमच्या संचालकांचा अभिमान. रिबेकाबाई त्याच्याकडे कायम पाठ करून बसायच्या.

खोलीचे नियम त्या पहिल्या दिवशी मुलाला सांगायच्या. मला मारायचं नाही, स्वतःला मारायचं नाही, खिडकी फोडायची नाही. बाकी खोली तुझी. त्यानंतर त्या प्रश्न म्हणून विचारायच्या नाहीत. समोर जे होतंय तेवढंच म्हणायच्या. सापानं बाबाला खाल्लं. बाळ एकटं राहिलं. बस्स.

एक आई एकदा माझ्या टेबलासमोरच त्यांच्यावर उखडली. "खेळायला आमच्या घरी काय जागा नाही? बसनं इथवर आणायचं आणि तुम्ही नुसत्या बघत बसणार?"

"घरी तो बाहुलीला बडवतो तेव्हा तुम्ही काय म्हणता?" रिबेकाबाईंनी विचारलं.

"म्हणते, मारू नको रे, तिला लागेल."

"मी म्हणते, बाहुलीला मार पडतोय. मग तो मला सांगतो का पडतोय ते. तोंडानं नाही, हातानं. आपण मोठी माणसं दुखलं-खुपलं तर बोलतो, शेजारणीकडे जाऊन रडतो. चार वर्षांच्या पोराजवळ एवढे शब्द कुठले? त्याच्याजवळ वाळू आहे, तर वाळूत बोलतो."

त्या आईला हे पटलं नाही. पण ती मुलाला घेऊन येत राहिली, कारण घरी तो आता धाकट्या बहिणीला बडवायचा थांबला होता.

एकदा रोनित नावाची चार वर्षांची मुलगी आत होती. वास माझ्या टेबलापर्यंत आला म्हणून मी दार किलकिलं करून पाहिलं. मुलीनं बाहुलीघराच्या आडोशाला शी केली होती आणि दोन्ही हातांनी ती भिंतीला फासत होती. मी नाकाला रुमाल लावला. रिबेकाबाई तिच्याजवळ मांडी घालून बसलेल्या, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. "रोनितला भिंत रंगवायचीय," त्या हिब्रूत सांगत होत्या. "ह्यानं रंगवलं तर माणूस आजारी पडतं. मातीनं रंगवता येते. आपण पाणी आणू, हात धुऊ, आणि मग ही बघ माती." दोघींनी भिंत धुतली, हात धुतले, आणि उरलेला वेळ रोनितनं खांद्यापर्यंत मातीत हात घालून अख्खी भिंत तपकिरी केली.

मुलगी गेली. रिबेकाबाई शांतपणे बाहेर आल्या, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या आणि भडाभडा ओकल्या. चूळ भरली. रुमालावर कोलन वॉटर शिंपडून मानेला लावलं आणि नवी लवंग तोंडात टाकली.

"बाई, घरी जा तुम्ही," मी म्हणाले.

"कशाला? आता पुढचा मुलगा येईल."

"तिच्यासमोर तोंड सरळ कसं ठेवलंत पण?"

"किळस माझी आहे, फ्लोरा. ती पोरीच्या डोक्यावर कशाला ठेवू? घरीदारी सगळे तिला शी शी करतात. तिला वाटायला लागलंय, शी हेच आपलं नाव."

मुलांची किळस त्या अशी गिळायच्या. मोठ्यांची गिळायच्या नाहीत. एका बालवाडीची बाई एका पोराला दंडाला धरून आमच्याकडे घेऊन आली. पोर मान खाली घालून रडत होतं. बसायच्या खोलीत दहाबारा माणसं. सगळ्यांना दिसेल अशी तिनं हातातली पिशवी उंच धरली आणि म्हणाली, "बघा, आज पुन्हा! पाच वर्षांचा घोडा!" पिशवीत त्याची ओली चड्डी. रिबेकाबाई दारात आल्या. लवंग कडकन फुटली. त्यांनी पिशवी घेतली, दोन बोटांनी चड्डी बाहेर काढली, बालवाडीवालीच्या खांद्याला लटकलेली चामड्याची पर्स उघडली, चड्डी आत घातली आणि पर्सचं बटण टक् करून लावलं.

"आता ती तुमची झाली," त्या म्हणाल्या. "बाजारातून जाताना सगळ्यांना दाखवा." पोराचा हात धरून त्या आत गेल्या. बाई किंचाळत संचालकांच्या खोलीत गेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या पोराला हसताना पाहिलं. दार लागता लागता मागे वळून हसला.

संचालक इस्त्रीच्या शर्टाचे, मऊ आवाजाचे गृहस्थ होते. कुणाला कधी मोठ्यानं बोलले नाहीत. ते परदेशातल्या श्रीमंत लोकांना दवाखाना दाखवायला आणत. पाहुणे काचेमागच्या अंधाऱ्या खोलीत गुबगुबीत खुर्च्यांवर बसायचे आणि पलीकडे कुणाचं तरी पोर वाळूत काही करत असायचं. कॉफी आणि केक नेऊन द्यायचं काम माझं. त्र्याहत्तरच्या युद्धानंतर हे येणं फार वाढलं. त्या खोलीत ऐकलेलं एक वाक्य अजून माझ्या कानात किड्यासारखं वळवळतं. एक बाई वाकून विचारत होती, "हा युद्धातला आहे का?" संचालक म्हणाले, नाही, ह्याच्या आईवडलांचा घटस्फोट झालाय. "ओह," ती म्हणाली आणि पुन्हा केककडे वळली.

रिबेकाबाईंनी संचालकांना पुष्कळदा सांगितलं होतं, शिकणारे डॉक्टर बसतात ते ठीक, पण तमाशाला आलेली माणसं तिथं बसवू नका. ते म्हणत, "मुलांना काय कळतं, रिबेका? त्यांना तर आरसा दिसतो." शेवटी एवढं ठरलं की त्यांना आधी विचारल्याशिवाय कुणाला बसवायचं नाही. संचालकांनी शब्द दिला.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत एली आला. मित्स्पे रामोनहून बसनं त्याची आजी, मलकाबाई, त्याला घेऊन यायची. लुगड्यावर मुलाचा जुना कोट घातलेली, वाकलेली म्हातारी. एका हातात नातू, दुसऱ्या हातात इनॅमलचं भांडं. भांडं त्याच्या ओकारीसाठी. पाच वर्षांचा पोरगा, मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं. बाकावर त्यांच्या शेजारचं कुणी असेल तर वासानं उठून जायचं.

"काय करू ओ बाय?" म्हातारी रिबेकाबाईंना म्हणाली. "भात दिला की ओकतो, दूद दिला की ओकतो. केला नुसता सोलला तरी उमासे काडतो. सुका पाव नि पानी, त्याच्यावर जगलाय. डाक्तरांनी सगला बगितला, पोटात काय नाय म्हनतात."

बालवाडीतली पोरं त्याला 'ओकारी' म्हणूनच हाक मारत. बालवाडीनं त्याला घेणं बंद केलं होतं. तो बोलायचाही जवळजवळ नाही. संचालकांचं मत झालं होतं की मूल मंद आहे आणि वसंतातल्या पेसाखच्या सणापर्यंत सुधारणा दिसली नाही तर त्याला लांब उत्तरेकडच्या एका संस्थेत ठेवावं.

"त्याची आई?" रिबेकाबाईंनी विचारलं.

"बॉम्बेला गेलीय, तिच्या आयशीकडे," म्हातारी मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मुलाला आत पाठवल्यावर मात्र बाप, सॅमसन, पुढे सरकला. तो त्या दिवशी मुद्दाम रजा टाकून आला होता. रामोनच्या खाणीत माती काढायच्या कामावर होता. नखांत पांढरी माती. हळूच म्हणाला, "मेली ती. नव्या वर्षाच्या सणामागेच. हॉस्पिटलात. पोराला सांगितलं नाही. जरा मोठा झाला की सांगू."

रिबेकाबाईंनी लवंग चावली आणि मुलाच्या मागे आत गेल्या.

पहिले कित्येक आठवडे एली खोलीच्या मध्ये उभा राहायचा, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून. वाळूला हात लावायचा नाही, मातीच्या बादलीकडे पाहूनच त्याला उमासा यायचा. रिबेकाबाई फरशीवर बसलेल्या. "एलीला कशाला हात लावायचा नाही," एवढंच म्हणायच्या. मला आपलं वाटायचं, म्हातारीला एवढ्या लांबून आणून हे काय चाललंय? मी तसं म्हणालेही.

"तो बघतोय," त्या म्हणाल्या.

"काय बघतोय?"

"मी त्याला ढकलते का ते."

मग एक दिवस त्यानं रबरी पट्टीचा दांडा उचलला. फरशीवर पाणी ओतलं आणि भोकाकडे ढकललं. पुन्हा ओतलं, पुन्हा ढकललं. पूर्ण वेळ तेवढंच. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. मग त्यात भर पडली. लांब चमच्यानं, हाताला लागू न देता, तो बादलीतली माती फरशीवर टाकायचा, तिच्यावर बाहुल्यांच्या घरातली मोठी बाहुली उपडी घालायचा, आणि मग घाईघाईनं, धापा टाकत पाणी ओतून सगळं भोकाकडे लोटायचा.

"बाईच्या तोंडातून काहीतरी पडलं," रिबेकाबाई म्हणायच्या. "फार घाईनं धुतायत. काही राहायला नको."

तो त्यांच्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. हो म्हणून.

एका सकाळी काचेमागे चार पाहुणे होते. रिबेकाबाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्या मुलाला घेऊन आत गेल्या, आणि मग संचालकांनी दुसऱ्या दारानं पाहुणे आणले. मला कॉफी आणायला सांगितलं. मी ट्रे घेऊन आत गेले तेव्हा पलीकडे एली पाणी ढकलत होता. सगळा चिखल भोकातून गेला. एरवी तो पुन्हा सुरू करायचा. पण त्या दिवशी तो दांडा टाकून ओल्या फरशीवर पालथा झोपला, तोंड भोकापाशी नेलं, आणि आत हाक मारली.

"इमा?"

इमा म्हणजे आई. खोलीत बोललेला त्याचा तो पहिला शब्द. बारीक, विचारल्यासारखा. मग कान लावून तो ऐकत राहिला.

आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतला एक जाडा गृहस्थ हसला. "मोरीला आई म्हणतोय," असं काहीतरी म्हणाला आणि खदखदून हसला. त्याच्या ओठांना केकचं क्रीम लागलं होतं. मला आजही तो माणूस आठवला की तो चेहरा नाही आठवत, ते क्रीम आठवतं.

काच एवढी जाड नव्हती. एलीनं मान वर केली. रिबेकाबाई पहिल्यांदाच आरशाकडे वळल्या.

"तिकडे कोण आहे?" एलीनं विचारलं.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, कुणी नाही, राजा. रिबेकाबाई म्हणाल्या, "मोठी माणसं आहेत. हा आरसा नाही, काच आहे. ती तुला बघतायत. त्यांनी मला विचारलं नाही आणि तुलाही विचारलं नाही."

"मला नको."

"मग आपण काच झाकू."

त्यांनी मातीची बादली उचलून आरशापाशी नेली. ओंजळभर माती घेतली आणि थाप मारली. आमच्या बाजूनं ती थाप संचालकांच्या बरोबर तोंडासमोर बसली. दुसरी. तिसरी. एली बघत होता. मग तो बादलीपाशी आला, स्वेटरच्या बाह्या मागे सारल्या. हात आत घालताना त्याला जोराचा उमासा आला, सगळं अंग आत ओढलं गेलं, मला वाटलं आता ओकणार. तो थांबला, घोट गिळला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. त्याचा हात पोचत होता तिथवर त्यानं फासलं. वरचं त्यांनी फासलं. आमची खोली अंधारत गेली. शेवटी एका कोपऱ्यात त्याच्या बोटांमधून एवढासा उजेड राहिला होता, तोही बुजला.

मी ट्रे तिथंच ठेवला आणि बाहेर आले. बाहेर बाकावर मलकाबाई भांडं मांडीवर घेऊन डुलकी काढत होती.

संध्याकाळी संचालकांनी त्यांना बोलावलं. मऊ आवाजातच म्हणाले, "पाहुण्यांचा अपमान झालाय. तुम्ही माफी मागा आणि विषय संपवा."

"एलीची माफी मागते," रिबेकाबाई म्हणाल्या. "तुम्ही पण चला. दोघं मागू."

"तुम्हाला विश्रांतीची गरज आहे, रिबेका."

"मला ओकारी येतेय. ती वेगळी गोष्ट आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना खोलीत जायची बंदी झाली. एलीची पाळी रद्द करायला मला सांगण्यात आलं. रिबेकाबाईंनी आपली पेटी आवरली आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "उद्या रजा घे. मित्स्पे रामोनला जायचंय. एकटीला मला त्या बसची किळस येते."

बसमध्ये त्यांनी माझीही सीट पुसली. बाहेर वाळवंट, मधून मधून मेंढ्या, आणि शेवटी ते गाव, एका प्रचंड खड्ड्याच्या काठावर वाऱ्यात उभं असलेलं. मलकाबाईच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. थोड्या वेळानं सॅमसन कामावरून आला. एली दारात उभा होता, आत येत नव्हता.

रिबेकाबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "आई घरातच ओकली ना? ह्याच फरशीवर. रक्त असणार."

सॅमसनचा चेहरा उतरला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यानं. हातानं सांगितलं, दर आठवड्याला. त्यानं सगळं पाहिलंय. तिला गाडीत घालून नेलं ते नाही पाहिलं. त्याला वाटतं, तुम्ही तिला पाण्याबरोबर भोकातून ढकलून दिलं."

मलकाबाईनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "मीच धुतली ओ फरशी," ती म्हणाली. "पोरानं रगत बगू नये म्हनून. गाडी वलनाला लागायच्या आदी धुवून काडली. मला काय ठावूक तो बगतोय..."

"तुम्ही प्रेमानं धुतलीत, मलकाबाई. त्यात तुमची काही चूक नाही. पण मग बॉम्बेचं खोटं सांगितलंत. पोराला कळतंय की बॉम्बेला भोकातून जात नाहीत. आता तोंडात काही घातलं की त्याला ते सगळं आठवतं, आणि विचारायची तर सोय नाही, कारण घरातली मोठी माणसं हसून सांगतात, बॉम्बेला गेली. सॅमसन, तुम्ही सांगा त्याला."

"पाच वर्षांचं पोर आहे. मरण काय कळणार त्याला?"

"जे कळलंय ते मरणापेक्षा वाईट आहे."

सॅमसननं एलीला जवळ घेतलं. तोंड उघडलं आणि त्याला बोलवेना. पांढऱ्या नखांचे ते हात पोराच्या पाठीवर नुसते फिरत राहिले. शेवटी म्हातारीच उठली. खाली बसून तिनं नातवाचं तोंड हातांत धरलं आणि मराठीत म्हणाली, "बाला, तुजी आय मेली रे. बॉम्बेला नाय गेली. मेली."

"आनी योदेआ," एली हिब्रूत म्हणाला. मला माहीत आहे.

मग त्यानं बापाकडे बघून विचारलं, "मग तिला मोरीतून का ढकललं?"

तेव्हा सॅमसनला वाचा फुटली. त्यानं हिब्रूतून, मध्ये मध्ये मराठीतून, सगळं सांगितलं. गाडी आली, आईला चादरीत गुंडाळून नेलं, मी तिच्याबरोबर होतो, डॉक्टरांनी खूप केलं, ती मेली, आम्ही तिला पुरलं. पाण्यातून नुसतं रक्त गेलं. आई नाही गेली. एली ऐकत होता आणि मध्येच थांबवून विचारत होता. चादर कुठली? निळी? बूट होते का तिच्या पायात?

"कुठे पुरलं?" त्यानं विचारलं.

"इथंच. गावाच्या टोकाला."

"पेसाखनंतर नेऊ त्याला," मलकाबाई डोळे पुसत म्हणाली.

"आत्ता न्या," रिबेकाबाई म्हणाल्या.

आम्ही सगळे चालत गेलो. वारा असा होता की म्हातारीचं लुगडं आवरेना. एलीनं दगडावर हात ठेवला, मग दगडाच्या बाजूची माती हातानं दाबून पाहिली, पक्की आहे का. "आता ती ओकत नाही?" त्यानं विचारलं.

"नाही," सॅमसन म्हणाला. "आता नाही." आणि तो तिथं पहिल्यांदा पोरासमोर रडला.

कुणाला वाटेल, पोर घरी येऊन थाळीभर जेवलं. तसं काही झालं नाही. त्या रात्री तो काहीच जेवला नाही, आणि पुढेही कित्येक आठवडे ओकत राहिला. रिबेकाबाई आपल्या सुटीच्या दिवशी त्या घरी जात राहिल्या. सॅमसन खाणीतून माती आणून ठेवायचा आणि दोघं अंगणात खेळायचे. बाहुली मरायची, तिला पुरायचं, दगड ठेवायचा. पुन्हा उकरून काढायची, पुन्हा पुरायची. आधी तो उकडलेला बटाटा खायला लागला, मग भात. संस्थेची गाडी न्यायला आली तेव्हा सॅमसननं पोराला उचलून खांद्यावर बसवलं आणि गाडीवाल्याला म्हणाला, परत जा.

त्या शरदात एली पहिलीत गेला. सातआठ वर्षांनी मी त्याला बेर्शेबाच्या बसस्टँडवर पाहिलं. शाळेच्या पोरांबरोबर उभा होता आणि पिटा पावात भरलेले, तिळाच्या चटणीनं भिजलेले फलाफलचे वडे असा चापत होता की हनुवटीवरून ओघळत होतं. मी ओळख दिली नाही. त्याला मी कशाला आठवायची?

रिबेकाबाई दवाखान्यात परतल्या नाहीत. त्यांना चाचण्यांचं टेबलावरचं काम देऊ केलं होतं. त्यांनी राजीनामा दिला आणि अराद गावातल्या एका बालवाडीत लागल्या. काच मात्र दुसऱ्याच दिवशी धुऊन लखलखीत झाली. वर्षभरानं तिच्यासमोर उभं राहून संचालकांनी नव्या पाहुण्यांना एका मुलाची गोष्ट सांगितली. हा मुलगा अन्न घेत नसे, आमच्या पद्धतीमुळे तो आज सर्वांसारखा जेवतो. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं डोळे टिपले. मी कॉफी ओतत होते. मला तेव्हा आणि आजही कळत नाही, त्या खोलीत जास्त घाण कशाची होती. पगाराची नोकरी होती, दोन मुलं होती. मी आणखी चार वर्षं तिथं राहिले, आणि ती किळस माझ्या अंगावरून गेली नाही.

त्र्याऐंशी साली, उन्हाळ्यात, एका कामासाठी मी अरादला गेले. काम लवकर संपलं म्हणून बाईंचं घर शोधत गेले. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा, दार उघडंच. हाक मारली, उत्तर नाही. आत गेले.

रिबेकाबाई फरशीवर उताण्या पडल्या होत्या. पाय जुळवलेले, हात छातीवर, अंगावर एक टॉवेल गळ्यापर्यंत ओढलेला, आणि चष्मा शेजारी. मी घाईनं खाली वाकले. तेवढ्यात त्यांनी एक डोळा किलकिला केला.

"मी मेलेय, फ्लोरा," त्या कुजबुजल्या. "बस जरा."

स्वयंपाकघरातून शेजाऱ्यांची एक मुलगी आली, चारेक वर्षांची असेल, हातात पाण्याचा पेला, कपाळाला आठ्या. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू कोण?"

"मी ह्यांची मैत्रीण."

"ती मेलीय. तुला रडायचंय. तिथं बसून रड."

मी भिंतीला टेकून फरशीवर बसले आणि रडायला लागले. आधी खोटं. मुलीनं पेल्यातलं पाणी बाईंच्या कपाळावर थेंब थेंब टाकलं, टॉवेल नीट केला, मग त्यांच्या छातीवर कान ठेवून बराच वेळ ऐकत राहिली. त्यांनी श्वाससुद्धा हलक्यानं घेतला.

"अजून मेलेलीच आहे," ती मला म्हणाली. "रडत राहा."

माझी बस सुटायची वेळ झाली. मी उठले. बाईंनी टॉवेलखाली दोन बोटं हलवली, जा म्हणून, मुलीला दिसणार नाही अशी. मुलगी उशाशी मांडी घालून बसली होती आणि त्यांच्या केसांवरून हात फिरवत होती. दारातून मी वळून पाहिलं. तिनं अजून त्यांना उठवलं नव्हतं.